आगंतुक श्रोता

भारतीय काव्यशास्त्राने काव्याचे दृश्य आणि श्रव्य असे दोन विभाग केले, तेव्हा श्रव्य काव्य ऐकणारा माणूस कवीच्या समोर बसलेला होता. तो सभेत आला होता तो काव्य ऐकण्याच्या हेतूने, आणि आत येताना त्याने पादत्राणे बाहेर ठेवली होती. पुढे मुद्रणकलेच्या प्रसाराबरोबर श्रव्य काव्य नावापुरतेच श्रव्य उरले; श्रोत्याचा वाचक झाला. विसाव्या शतकात नभोवाणीने काव्याला त्याचा आवाज परत दिला, परंतु सभा मात्र परत दिली नाही. ध्वनिक्षेपकासमोर बसलेल्या कवीला आपण कोणाशी बोलत आहो हे ठाऊक नसते, आणि ऐकणारा तर पुष्कळदा कार्यक्रम अर्धा झाल्यावर, केवळ कळ फिरवता फिरवता तेथे येऊन पोहोचलेला असतो. अशा ह्या मध्येच आलेल्या, कोणी न बोलावलेल्या माणसास आगंतुक श्रोता म्हणता येईल.

कामजीवन, मानवी संबंध आणि काव्य ह्या विषयांवरील नभोवाणी-कार्यक्रमांचा इतिहास पाहू गेल्यास त्यातील बहुतेक वाद ह्या आगंतुक श्रोत्यापाशी येऊन थांबतात. अमेरिकेतील पॅसिफिका ह्या संस्थेचा ध्वनिसंग्रह ह्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. त्या संग्रहाकडे सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण काव्याचा ग्राहक कोण, कृतीची अखंडता कशात असते आणि अश्लीलता हा शब्दाचा धर्म की प्रसंगाचा, हे साहित्यशास्त्राचे जुने प्रश्नही तो संग्रह नव्याने उभे करतो. प्रस्तुत विवेचन ह्या प्रश्नांपुरते मर्यादित आहे.

१

पॅसिफिका संस्था १९४६ मध्ये लुइस हिल ह्यांनी स्थापन केली. हिल हे स्वतः कवी होते आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सदसद्विवेकाच्या कारणास्तव शस्त्र धरण्याचे नाकारले होते. संस्थेचे पहिले केंद्र, के.पी.एफ.ए., १५ एप्रिल १९४९ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे सुरू झाले. त्यानंतर १९५९ मध्ये लॉस एंजेलिसचे के.पी.एफ.के. आणि १९६० मध्ये न्यूयॉर्कचे डब्ल्यू.बी.ए.आय. ही केंद्रे तिच्याकडे आली. जाहिराती घ्यावयाच्या नाहीत, श्रोत्यांच्या वर्गणीवर केंद्र चालवावयाचे, हा हिल ह्यांचा मूळ विचार होता. केनेथ रेक्स्रॉथ ह्यांच्यासारखा कवी तेथे पुस्तकांविषयी बोलत असे आणि ॲलन वॉट्स पौर्वात्य तत्त्वज्ञानावर व्याख्याने देत असत.

ह्या योजनेत श्रोत्याविषयीची एक कल्पना गृहीत होती. वर्गणी देणारा श्रोता हा स्वेच्छेने आलेला श्रोता होय. त्याने केंद्राशी एक प्रकारचा करार केलेला असतो, आणि त्या कराराच्या बळावर केंद्र त्याच्याशी प्रौढपणे बोलू शकते. म्हणजे मुद्रणाने मोडलेली सभा वर्गणीच्या रूपाने पुन्हा भरविण्याचाच हा प्रयत्न होता. मात्र ध्वनिलहरी वर्गणीदाराचे घर आणि शेजाऱ्याचे घर ह्यांत भेद करीत नाहीत. सभा वर्गणीदारांची आणि आवाज सर्वांच्या कानी, ही विसंगती पॅसिफिकाच्या पायातच होती. पुढील संघर्ष तीतून उद्भवला.

अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने २२ जानेवारी १९६४ रोजी पॅसिफिकाच्या केंद्रांच्या परवान्यांविषयी निर्णय दिला. संस्थेच्या राजकीय निष्ठांविषयी घेतलेल्या संशयाचा परामर्श त्यात होताच; शिवाय पाच कार्यक्रमांविरुद्धच्या तक्रारींचाही विचार होता. लॉरेन्स फर्लिंगेटी ह्यांचे १९५९ मधील काव्यवाचन, रॉबर्ट क्रीली ह्यांचे १९६३ मधील काव्यवाचन, एडवर्ड ऑल्बी ह्यांची 'द झू स्टोरी' ही एकांकिका, एडवर्ड पॉमरान्झ ह्यांनी केलेले 'द किड' ह्या आपल्या अपुऱ्या कादंबरीचे वाचन, आणि 'लिव्ह अँड लेट लिव्ह' हा आठ समलिंगी पुरुषांचा संवाद, असे ते पाच कार्यक्रम होत.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही यादी प्रथमदर्शनी विलक्षण वाटेल. दोन कवी, एक नाटककार, एक कादंबरीकार आणि ज्यांनी साहित्य निर्माण करण्याचा कसलाही दावा केला नाही अशी आठ माणसे एकाच पंक्तीत बसविलेली. कोणताही साहित्यशास्त्रज्ञ अशी पंक्ती बसविणार नाही. परंतु आयोगाने ही यादी स्वतःच्या बुद्धीने बनविली नव्हती. ती तक्रार करणाऱ्या श्रोत्यांनी बनविली होती. आणि श्रोत्याच्या कानाला ह्या पाचांत खरोखरच एक साम्य होते. घरात बसलेल्या माणसाशी एक परका आवाज देह, वासना आणि एकाकीपण ह्यांविषयी प्रथम पुरुषी बोलत होता. तो आवाज नाटकातील पात्राचा, कवितेतील निवेदकाचा की खऱ्याखुऱ्या माणसाचा, हे मध्येच आलेल्या श्रोत्याला कळण्यास मार्ग नव्हता. पुस्तकाला मुखपृष्ठ असते, नाटकाला पडदा असतो. नभोवाणीवर ह्या सीमारेषा केवळ निवेदकाच्या आरंभीच्या दोन वाक्यांत असतात, आणि आगंतुक श्रोता नेमकी तीच दोन वाक्ये चुकवतो.

२

यातून पहिला प्रश्न निघतो तो वक्त्याचा. पॅसिफिकाच्या संग्रहातील दोन कार्यक्रम एकापुढे एक ठेवले म्हणजे तो स्पष्ट होतो.

बर्कली केंद्राने २४ नोव्हेंबर १९५८ रोजी 'द होमोसेक्शुअल इन अवर सोसायटी' हा दोन तासांचा कार्यक्रम प्रक्षेपित केला. पहिल्या भागात 'मॅटाशीन रिव्ह्यू' ह्या नियतकालिकाचे संपादक हॅरल्ड कॉल, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. ब्लांश बेकर आणि एका समलिंगी तरुणाची आई ह्यांचा सहभाग होता. दुसऱ्या भागात वैद्यक, कायदा इत्यादी क्षेत्रांतील जाणकार बोलले. त्या काळाच्या मानाने हे मोठेच धाडस होते. तरीही त्या कार्यक्रमाची मांडणी मुख्यतः तृतीय पुरुषाची आहे. विषय समलिंगी माणूस आणि बोलणारे बहुतांशी त्याच्याविषयी बोलणारे. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर आईच्या उपस्थितीने तीत षष्ठी विभक्ती आली. षष्ठी ही संबंधाची विभक्ती. ज्याच्याविषयी शास्त्र बोलते तो कोणाचा तरी मुलगा आहे, एवढी गोष्ट श्रोत्यापर्यंत पोहोचविण्यास कोणताही युक्तिवाद करावा लागला नाही; आई तेथे बसलेली असणे पुरेसे होते.

त्यानंतर चार वर्षांनी न्यूयॉर्कच्या केंद्राने समलिंगी संबंधांवर मनोविकारतज्ज्ञांची चर्चा प्रक्षेपित केली. रँडी विकर हा तरुण कार्यकर्ता केंद्रावर गेला आणि ज्यांच्याविषयी चर्चा झाली त्यांच्यापैकी एकही माणूस तीत नव्हता, हे त्याने निदर्शनास आणले. त्यातून १५ जुलै १९६२ रोजी 'लिव्ह अँड लेट लिव्ह' हा दीड तासाचा कार्यक्रम झाला. त्या वेळी इलिनॉय हे एक राज्य सोडल्यास अमेरिकेत सर्वत्र असे संबंध हा गुन्हा होता. अशा परिस्थितीत आठ माणसे ध्वनिक्षेपकासमोर बसली आणि नोकरी टिकविण्यातील अडचणी, पोलिसांचा जाच, समाजाचे व स्वतःचे उत्तरदायित्व ह्यांविषयी आपापसांत बोलली. येथे तृतीय पुरुष संपून प्रथम पुरुष अनेकवचन सुरू झाले.

हा पालट किती मूलगामी होता ते आयोगाच्या १९६४ च्या निर्णयाला जोडलेल्या एका स्वतंत्र मतपत्रावरून दिसते. आयोगाचे सदस्य रॉबर्ट ली ह्यांनी निर्णयाशी सहमती दर्शविली, पण ह्या संवादाविषयी नापसंती नोंदविली. वैद्य आणि समाजशास्त्रज्ञ ह्या विषयावर बोलले तर लोकांचा काही लाभ होणे शक्य आहे. परंतु आठ समलिंगी माणसांनी आपले अनुभव सांगणे हे जबाबदार प्रक्षेपकाला शोभणारे नाही, असा त्यांचा आशय होता. त्यांनी त्याची तुलना निवांत वेळी कुंटणखान्यात ठेवलेल्या ध्वनिक्षेपकाशी केली. म्हणजे आक्षेप विषयाला नव्हता आणि शब्दांनाही नव्हता. तोच आशय 'ते' ह्या सर्वनामाने सांगितला तर ज्ञान आणि 'आम्ही' ह्या सर्वनामाने सांगितला तर अनाचार, असा हा भेद आहे.

साहित्याला हा भेद नवा नाही. भावकविता ही प्रथम पुरुषाचीच कला आहे. मात्र कवितेतील 'मी' आणि कवी ह्यांच्यामध्ये छंद, प्रतिमा आणि परंपरा ह्यांचे एक अंतर असते. त्या अंतरामुळेच साधारणीकरण शक्य होते. एकाचे दुःख सर्वांचे आस्वाद्य दुःख होते. त्या आठ माणसांच्या 'मी'ला असे कोणतेही कवच नव्हते. म्हणून त्यांचा संवाद ही काव्यकृती होय असे म्हणणे हा भावनेचा अतिरेक ठरेल. त्याचे मोल साक्षीचे आहे, कलेचे नाही. परंतु कला ज्या गोष्टीपासून निर्माण होते ती, म्हणजे स्वतःच्या अनुभवावर स्वतःचे नाव घालण्याचा अधिकार, तो संवाद श्रोत्यांसमोर मागतो. हा अधिकार ज्या समाजात नसेल तेथे त्या अनुभवाची भावकविता एक तर सांकेतिक राहते किंवा लिहिलीच जात नाही. साक्ष आणि काव्य ह्यांचे नाते एवढेच आहे, आणि ते पुरेसे निकटचे आहे.

३

दुसरा प्रश्न कृतीच्या अखंडतेचा. आयोगाने पॅसिफिकाच्या बाजूने निर्णय दिला, आणि त्यातील एक विचार स्मरणीय आहे. काही श्रोते दुखावले गेले म्हणून परवान्याच्या शक्तीने असे कार्यक्रम बंद करण्याचा हक्क त्यांना मिळत नाही. तसे झाले तर कोणालाही न बोचणारे, निव्वळ मिळमिळीत असेच काही ध्वनिक्षेपकापर्यंत पोहोचू शकेल, असे आयोगाने म्हटले. एकांकिका, कादंबरीवाचन आणि संवाद हे तिन्ही प्रक्षेपकाच्या विवेकाच्या कक्षेत बसतात, असा त्याचा अभिप्राय पडला.

उरली दोन काव्यवाचने. त्यांतील काही भाग आपल्या स्वतःच्या निकषांत बसत नव्हता, हे पॅसिफिकानेच मान्य केले होते. आयोगाने त्या दोहोंना तुरळक चुका मानून सोडून दिले. संस्थेच्या विजयाच्या आनंदात ही गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते, पण समीक्षकाने तिच्यापाशी थांबले पाहिजे. पाचांपैकी तीन कार्यक्रमांची पाठराखण झाली आणि सोडून दिल्या त्या कविताच. शिवाय त्या दोन कवींपैकी फर्लिंगेटी हे ॲलन गिन्सबर्ग ह्यांच्या 'हाउल' ह्या संग्रहाचे प्रकाशक. त्या संग्रहावरील अश्लीलतेच्या खटल्यात सॅन फ्रान्सिस्को येथे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी न्यायाधीश क्लेटन हॉर्न ह्यांनी त्यांना निर्दोष ठरविले होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रॉथ खटल्यात कृतीचा विचार समग्रतेने करावा हे तत्त्व सांगितले होते. छापील कवितेसाठी जो माणूस न्यायालयात जिंकला, त्याच्याच कविता दोन वर्षांनी नभोवाणीवर आल्या तेव्हा त्यांचा काही भाग चूक म्हणून मान्य केला गेला.

ह्याचे कारण काव्याच्या प्रकृतीतच शोधावे लागते. संवादातून एखादा शब्द उचलून काढला तर तो निर्जीव होतो. तो आरोपपत्रात टिकत नाही. एकांकिकेतील शब्दाला पात्राचा आधार असतो. कवितेत मात्र प्रत्येक शब्द एकटा उभा राहील इतका घडविलेला असतो, आणि म्हणूनच तो एकटा पकडलाही जातो. ज्या गुणामुळे कविता कविता होते त्याच गुणामुळे ती आरोपीच्या पिंजऱ्यात सर्वांत दुबळी ठरते. तिचे संरक्षण करणारे एकच तत्त्व आहे, ते म्हणजे समग्रतेचे. आणि नभोवाणीवर तेच डळमळीत होते, कारण आगंतुक श्रोत्यापाशी समग्र कृती कधी नसतेच.

ही गोष्ट १९७८ मध्ये उघडपणे न्यायालयाच्या भाषेत आली. न्यूयॉर्क केंद्राने ३० ऑक्टोबर १९७३ रोजी दुपारी दोनच्या सुमारास, भाषेविषयीच्या सामाजिक वृत्तीवरील कार्यक्रमात, जॉर्ज कार्लिन ह्या विनोदकाराचे निषिद्ध शब्दांवरील एक स्वगत लावले. श्रोत्यांना आधी सूचना दिली होती. मुलाबरोबर मोटारीतून जाणाऱ्या एका गृहस्थाच्या कानी ते पडले आणि त्याने तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी आयोगाचा अधिकार मान्य केला. नभोवाणी घरात शिरते, मुलांपर्यंत पोहोचते, आणि ऐकणारे सतत येत-जात असल्यामुळे पूर्वसूचना त्यांचे पुरते रक्षण करू शकत नाही, असा त्या निर्णयाचा आधार होता. न्यायमूर्ती ब्रेनन ह्यांनी विरोधी मत देताना कळ बंद करण्याचे स्वातंत्र्य श्रोत्याला आहेच ह्याची आठवण दिली, आणि ह्या तर्काने चॉसर-शेक्सपिअरही नभोवाणीवरून हद्दपार होतील असा इशारा दिला.

इंग्लंडमधील १८६८ च्या हिक्लिन खटल्यात अश्लीलतेची जी कसोटी ठरली, ती ज्यांची मने बिघडण्याजोगी आहेत अशा दुबळ्या वाचकाकडे पाहत असे. रॉथ निर्णयाने अमेरिकेत तो वाचक ग्रंथाच्या दारातून बाहेर घालविला; १९७८ मध्ये तोच आगंतुक श्रोत्याच्या वेषात नभोवाणीच्या खिडकीतून परत आला. भारतीय वाचकाला हे परके वाटू नये. पॅसिफिकाचा निर्णय झाला त्याच १९६४ साली, 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकल्याबद्दल मुंबईच्या एका ग्रंथविक्रेत्यास झालेली शिक्षा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, आणि ती करताना हिक्लिन कसोटीचाच मुख्यतः आधार घेतला. ती कसोटी त्या न्यायालयाने बाजूस सारली ती २०१४ मध्ये, अवीक सरकार खटल्यात.

४

ह्या संदर्भात संस्कृत साहित्यशास्त्राची भूमिका पुन्हा पाहण्यासारखी आहे. अश्लीलत्व हा काव्यदोष मानून त्याचे व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल ह्यांची व्यंजना करणारे असे तीन प्रकार त्या शास्त्राने केले. पहिल्या दृष्टीस ही शब्दाचीच झडती वाटते. पण मम्मटाने पुढे जाऊन, वक्ता कोण, ज्याला उद्देशून बोलणे आहे तो बोद्धव्य कोण, विषय आणि प्रकरण कोणते, ह्यांच्या औचित्यानुसार दोष हा दोष राहत नाही, क्वचित गुणही होतो, असे प्रतिपादले. अश्लीलत्व शब्दात नसून संबंधात आहे, हा ह्या प्रतिपादनाचा निष्कर्ष आहे. आयोगाच्या सदस्याने वक्त्याला अपात्र ठरविले आणि न्यायालयाने बोद्धव्याला अनिश्चित ठरविले. मम्मटाची परिभाषा ह्या दोन्ही घटनांना लागू पडते. फक्त बोद्धव्य कोण हे कधीच न कळणे, ही अवस्था त्याच्यासमोर नव्हती.

मराठीत ह्या अवस्थेच्या जवळ जाणारे एक उदाहरण बा. सी. मर्ढेकर ह्यांचे आहे. 'काही कविता' (१९४७) ह्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यातून कवीची निर्दोष सुटका झाली. हेच मर्ढेकर आकाशवाणीच्या सेवेत होते आणि नभोवाणीसाठी संगीतिका लिहीत होते. खटला झाला तो छापील कवितांवर. छापील असल्यामुळेच त्या पुन्हा उघडता आल्या, मागेपुढे पाहता आल्या, एका कवितेला दुसरीची साक्ष काढता आली. कलाकृतीच्या घटकांतील परस्परसंबंधांवर आपले सौंदर्यशास्त्र उभारणाऱ्या ह्या समीक्षकाला, जिचे घटक ऐकता ऐकता विरून जातात अशी कविता न्यायासनासमोर किती असहाय ठरेल, हे वेगळे सांगावे लागले नसते.

नेमके येथेच ध्वनिसंग्रहाचे महत्त्व प्रतीत होते. संग्रह विरून गेलेल्या आवाजाला ग्रंथाची स्थिती देतो. संग्रहातील कार्यक्रम आरंभापासून ऐकता येतो, थांबविता येतो, पुन्हा लावता येतो. फर्लिंगेटी आणि क्रीली ह्यांची वाचने चूक होती की नाही, हा प्रश्न आयोगासमोर कधीच काव्याचा प्रश्न म्हणून आला नाही. जतन झालेल्या अशा वाचनांमुळे तो काव्याचा प्रश्न म्हणून विचारता येतो. समग्रतेचे तत्त्व नभोवाणी-काव्याला लावता येण्याची पहिली अट ध्वनिसंग्रह पुरी करतो.

परंतु ह्या लाभाची किंमतही आहे. संग्रहात आगंतुक श्रोता येत नाही. तेथे येणारा नाव, वर्ष आणि विषय विचारीत येतो. समलिंगी-जीवनाची ध्वनिफीत एका मथळ्याखाली आणि कवितेची दुसऱ्या मथळ्याखाली त्याला मिळते. ज्यांना तक्रारदारांच्या कानांनी एकत्र ऐकले त्यांना सूचीकाराची विद्या पुन्हा वेगळे करते. दुसरी हानी अधिक गंभीर आहे. ज्याच्या रक्षणासाठी कायद्याने नभोवाणीला लगाम घातला तो मोटारीतील मुलगा आगंतुक श्रोताच होता. पण १९६२ च्या जुलैतील त्या रात्री आपल्यासारखा आणखी कोणी जगात आहे हे ज्याला ठाऊक नव्हते, आणि असा कार्यक्रम मागण्याचेही ज्याला कधी सुचले नसते, असा एकटा माणूस कोठे ऐकत असेल तर तोही आगंतुक श्रोताच. एकाला वगळून दुसऱ्याला ठेवण्याची युक्ती कोणत्याही न्यायालयाला सापडलेली नाही. अमेरिकेत १९९५ च्या निर्णयानंतर रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ अशा प्रक्षेपणासाठी मोकळी राहिली, ही एक तडजोड होय.

ती तडजोड किती अपुरी आहे ते २००७ मध्ये दिसले. 'हाउल'च्या निर्दोषत्वाला ३ ऑक्टोबर २००७ रोजी पन्नास वर्षे पूर्ण झाली. प्रत्येक उल्लंघनास ३,२५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकेल असा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. त्या भयाने न्यूयॉर्क केंद्राने कवीच्या आवाजातील ती कविता नभोवाणीवर लावली नाही. ती इंटरनेटवर ऐकण्यास ठेवली. न्यायालयाने मुक्त केलेली कविता अर्धशतकानंतर मागणाऱ्याला मिळत होती, पण अवचित कानी पडू शकत नव्हती. दोन्ही अवस्थांत कवितेतील शब्द तेच होते. वगळला गेला तो फक्त आगंतुक श्रोता.

भारतात आकाशवाणीचे सर्वभाषा कविसंमेलन १९५६ पासून भरत आले आहे. त्यात आपल्याला न कळणाऱ्या भाषेतील कविता आधी आवाज म्हणून आणि मग अनुवादाने अर्थ म्हणून श्रोत्यापर्यंत येते. कविता कोणाकडे जाईल हे तिला ठरविता येत नाही, ही नभोवाणीची मर्यादा म्हणून सांगितली जाते. ह्या संमेलनात तेच तिचे सामर्थ्य ठरते. ध्वनिसंग्रह उभारताना आणि वापरताना हे ध्यानात ठेवणे इष्ट होईल. जुना आवाज जतन करणे हे अर्धे काम आहे. तो योग्य निवेदनासह, आरंभापासून अखेरपर्यंत, पुन्हा लोकांच्या कानी घालणे हे उरलेले अर्धे. आणि त्यासाठी लागणारा विवेक पुरविणे हे समीक्षेचे काम आहे. पॅसिफिकाने १९६४ मध्ये कवितांची बाजू सोडली तेव्हा त्या कवितांच्या वतीने बोलणारा समीक्षक त्या खोलीत नव्हता. कायद्याला शब्द मोजता येतात, सूचीकाराला विषय लावता येतात. मध्येच आलेल्या माणसाला आधी काय झाले ते सांगून आत बसवून घेणे मात्र समीक्षेलाच करावे लागेल.